बाया चालल्या, आता पुरुषांनी धावावं

'धावून दारू सुटते काय गा?' मूलच्या कुठल्याही चहाटपरीवर हा प्रश्न येईल, आणि तो अडाणीपणाचा नाही. ज्या मुलखात दारूपायी मोर्चे निघाले, बंदी आली आणि गेली, तिथे मैदानाला फेऱ्या मारण्याचा उपाय थट्टेचाच वाटणार. म्हणून आधी आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप असा की, खरा उपाय बंदी. दुकान उठलं की पिणारा सुटतो. बंदीचं मोल मी कमी लेखत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून ती आहे, आणि लोकांनी लढून मिळवलेली आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात डिसेंबर २०१० मध्ये कार्यकर्त्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली बाया दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. यातून एवढंच दिसतं की, बंदी बाटली लांब नेते. ज्याचे हात सकाळी बाटलीवाचून थरथरतात, त्याच्याजवळ बसायला ती येत नाही. आणि जे सरकारच्या एका बैठकीत जातं, त्याच्या एकट्याच्या भरवशावर आयुष्य ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप घराघरातला: 'मनावर घेतलं की सुटते.' मग रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून राहणाऱ्या माणसाचं मन कच्चं म्हणायचं का? व्यसन हा आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्याने पहिली धाव दवाखान्याकडेच घ्यावी. डॉक्टरने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय मैदानात उतरू नये.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार, कारण तो अभ्यासातून आला आहे. दारूच्या व्यसनात व्यायामाचा काय उपयोग होतो, हे तपासणाऱ्या २१ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायामाने दम वाढला, उदासी कमी झाली. पिण्याचं प्रमाण मात्र लक्षणीय घटलं नाही. हे मी मान्य करतो. नुसत्या धावण्याने दारू सुटत नाही.

सुटलेली दारू सुटलेली राहते ती सोबतीने. दारू सोडू पाहणारे एकमेकांना धरून राहतात त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या वाटेने जाणाऱ्या उपचारांचा, कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०२० मध्ये आला. २७ अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं. सलग दारूमुक्त राहण्यात ही वाट इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरली. तिथे औषध नसतं; 'मीही तुझ्यासारखाच' म्हणणारा माणूस असतो.

दारू सोडणाऱ्याची बाटली तर जातेच, पण गुत्त्यावरचे सोबतीही जातात. सांजेला पाय कुठे वळवायचे, हा त्याचा खरा प्रश्न. धावणं इथे कामाला येतं. पहाटे पाचला मैदानावर हजर व्हायचं तर रात्री नऊला अंथरूण गाठावं लागतं, आणि सांज आपोआप आखूड होते. १९८६ मध्ये सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहुल जाधव दाखल झाला, तेव्हा त्याच्यामागे मुंबईच्या टोळीतलं आयुष्य होतं. तिथून तो लांब पल्ल्याचा धावपटू झाला. त्याचे पाय सगळ्यांना दिसतात. पायांमागे उभं राहिलेलं मुक्तांगण मोजायचं राहून जातं.

पुण्यापर्यंत तरी कशाला जायचं? आमच्याच मूल तालुक्यात बाबा आमट्यांचा, कुष्ठरोगातून उठलेल्यांचा सोमनाथ प्रकल्प आहे. कुष्ठरोग औषधाने बरा झाला. पण गावाने टाकलेला माणूस पुन्हा ताठ उभा राहिला तो दहाजणांबरोबर जमीन कसताना. दारूचंही तसंच. शरीर डॉक्टरकडे द्यावं, माणूस मात्र माणसांकडेच द्यावा लागतो.

यासाठी नवी इमारत नको. पोलीस भरतीची पोरं पहाटे सोळाशे मीटरची तयारी करतातच. त्यांच्या मागे दारू सोडलेल्या चारपाच जणांनी आपल्या चालीने धावावं. दम लागला तर चालावं. जंगलालगतच्या रस्त्यावर मात्र एकट्याने जाऊ नये. इथे वाघ आहे, आणि एकट्याला गाठण्यात दारूही वाघाहून कमी नाही.

नियम एकच ठेवावा. पाचला जो आला नाही, त्याच्या घरी बाकीच्यांनी जावं. रागवायला नाही, दार वाजवायला. रात्री त्याचा पाय घसरला असेल, तरी सकाळी दारात चार जोडी बूट उभे दिसले, तर तो म्हणेल, 'थांबा गा, आलोच.'