भाताच्या तुसातील वाळू

भाताचे किंवा उसाचे पाते बोटांवरून उलट्या दिशेने ओढले तर ते करवतीसारखे कापते, हे शेतावर राबणाऱ्या कोणाही बाईस सांगावे लागत नाही. बांबूवर चालविलेला कोयता लवकर बोथट होतो, हे बुरुडास ठाऊक असते. ह्या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच द्रव्य आहे. त्याचे नाव सिलिका. वाळूत आणि काचेत असते तेच हे द्रव्य होय.

वाळूचा कण झाडास गिळता येत नाही. परंतु मातीतील सिलिकेचा अत्यल्प अंश पाण्यात विरघळतो आणि त्या पाण्याबरोबर मुळांत शिरतो. पुढे पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते, सिलिका मात्र मागे राहते व पात्याच्या त्वचेखाली तिचा थर बसतो. घेवडा, टोमॅटो ह्यांसारख्या वनस्पती ती फारशी घेत नाहीत. भाताच्या वाळलेल्या रोपात मात्र तिचे प्रमाण वजनाच्या दशांशापर्यंत जाते. हे आपोआप घडते असे पुष्कळ दिवस वाटत होते. 2006 साली जपानमध्ये जिआन फेंग मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाताच्या मुळांत सिलिका आत घेणारे खास द्वारच शोधून काढले. ज्या रोपात हे द्वार बिघडलेले होते, त्यास कीड लवकर लागली व दाणेही थोडे भरले. म्हणजे भात ही वाळू मागून घेतो. तिच्या बळावर पाने ताठ राहतात, ऊन अधिक पकडतात आणि करप्याच्या बुरशीस पात्यात सहजी शिरकाव मिळत नाही.

आपल्या घरांत ही वनस्पतिज सिलिका औषध म्हणून फार पूर्वीपासून आहे. सितोपलादि चूर्णातील वंशलोचन ते हेच. बांबूच्या पेरांच्या पोकळीत पाझरलेला रस आटून त्याचे पांढरे निळसर खडे होतात. विशाखापट्टणम् येथे राहिलेले डॉक्टर पॅट्रिक रसेल ह्यांनी त्याची हकीकत 1790 साली लंडनच्या विद्वत्सभेपुढे मांडली, आणि पुढच्याच वर्षी जेम्स मेसी ह्या तरुण रसायनज्ञाने त्याची परीक्षा करून ते गारगोटीच्या जातीचे द्रव्य ठरविले. हाच गृहस्थ पुढे स्मिथसन ह्या नावाने ओळखला गेला आणि त्याच्या संपत्तीतून अमेरिकेतील प्रसिद्ध संग्रहालयसंस्था उभी राहिली. (बाजारातील वंशलोचन आज पुष्कळदा कृत्रिम असते, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.)

सगळ्याच वनस्पती सिलिकेच्या मागे लागत नाहीत. आमच्या बंगळूरकडील मुद्द्याची नाचणी शंभर ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम साठविते. तांदळात ते दहाच्या आसपास. अळूने घसा खवखवतो तो कॅल्शियमच्याच सुईसारख्या स्फटिकांनी, आणि म्हणून सुगरण त्यात चिंच घालावयास विसरत नाही.

परंतु खरी चिंतेची गोष्ट भाताचीच आहे. ना. के. सावंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली केलेल्या हिशेबानुसार, हेक्टरी पाच टन भात पिकविला की जमिनीतून 230 ते 470 किलो सिलिकॉन निघून जातो. कोकणासारख्या मुसळधार पावसाच्या तांबड्या जमिनीत तर पाणी आधीच तो धुऊन नेत असते. आपण नत्र, स्फुरद, पालाश ह्यांचा हिशेब ठेवतो; ह्याचा कोणी ठेवीत नाही. जपानने 1955 सालीच सिलिकायुक्त मळीस खताचा दर्जा दिला. आपल्याकडे बंगळूरच्या कृषिविज्ञान विद्यापीठाने ह्या प्रश्नावर भाताच्या शेतांत प्रयोग केले आहेत, आणि ह्या विषयाची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद 2017 साली ह्याच शहरात भरली होती.

शेतातून गेलेली सिलिका मुख्यतः पेंढ्यात व तुसात असते. हजार किलो भात भरडला की सुमारे दोनशे किलो तूस निघते, ते जाळले की चाळीस किलोंच्या आसपास राख उरते, आणि त्या राखेत बहुतांश सिलिकाच! येथील भारतीय विज्ञान संस्थेने तिच्यापासून शुद्ध सिलिका काढण्याची रीत बसविली आहे. अशी सिलिका रबरात व दंतमंजनात वापरतात. उद्योगाच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, पण शेताकडे त्यातले काही परतत नाही. शिवाय भट्टी फार तापली तर राखेतील सिलिका स्फटिकरूप होते आणि तिची धूळ फुप्फुसांस घातक ठरते. म्हणून अशी राख हाताळताना नाकातोंडावर ओले फडके बांधणे पुरेसे समजू नये; चांगला मुखपट्टा लावावा आणि राख आधी भिजवून घ्यावी.

पेंढा गुरांनी खाल्ला तर चिंता थोडी कमी. सिलिका त्यांना पचत नाही, ती शेणातून बाहेर पडते. शेणाचे खत झाले तर उत्तम; गोवऱ्या थापल्या तरी चुलीतील राख शेतात टाकता येते. त्याच राखेने भांडी घासली, की ती मोरीतून गटारात जाते.