उपस्थाता घडवावा लागतो

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दक्षता, स्वामीविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण अपेक्षिले आहेत. आपल्या चिकित्सालयातील मदतनीस आणि औषधी दुकानातील विक्रेता हेच आजचे उपस्थाते होत. ‘माणसे नीट काम करीत नाहीत’ ही तक्रार आपल्यापैकी बहुतेकांची असते; परंतु नीट काम म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितले आहे काय?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत पूर्वी दुकानातील मुलगा पुष्कळदा जवळच्याच चाळीत राही. सकाळी खल घोटण्यापासून रात्री फळ्या लावीपर्यंत तो वैद्यांच्या सहवासात असे आणि न सांगताही शिके. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटत गेले. आज कर्मचारी विरार-बदलापूरहून येतो आणि ठरलेली लोकल गाठून परततो. सहवासातून मिळणारे शिक्षण संपले. ते शब्दांत देण्याची सवय मात्र आपणांस लागलेली नाही.

याचे फळ रुग्णास भोगावे लागते. महायोगराज गुग्गुळात वंग, लोह, अभ्रक आदी भस्मे असतात, योगराजात ती नसतात. चिठ्ठीवर एक आणि पुडीत दुसरे गेले, तर चिकित्साच बदलते. सूतशेखर साधा की सुवर्णयुक्त, याबाबतही तेच. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागत नाही. त्यामुळे काउंटरवरील माणसास तयार करण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर येते.

‘जरा लक्ष देत जा’ ही सूचना नव्हे. चिठ्ठीवरील व वेष्टनावरील नाव ताडून पाहावे. अक्षर न लागल्यास वैद्यांना विचारावे. परस्पर पर्यायी औषध देऊ नये. अनुपान व वेळ पुडीवर लिहावी. मुदत संपत आलेला माल दरमहा वेगळा काढावा. अशा पाच-सहा अपेक्षा त्याला समजेल अशा भाषेत लिहून काउंटरच्या आतील बाजूस लावाव्यात.

सुश्रुताचार्यांनी षट्क्रियाकाल सांगितले, ते येथेही लागू पडतात. दोष संचयावस्थेत असतानाच तो दूर करणे सोपे. आपण मात्र वर्षभर गप्प बसतो आणि दिवाळीच्या बोनसच्या वेळी सारा हिशेब काढतो; तोवर भेदावस्था आलेली असते. चूक झाली त्याच दिवशी, रुग्ण गेल्यावर, एकांतात सांगावे : काय चुकले आणि कसे करावयास हवे होते. चारचौघांत खडसावलेला माणूस पुढची चूक लपवितो, आणि लपविलेली चूक रुग्णास सर्वाधिक घातक. उत्तम कामाचा उल्लेख मात्र अवश्य चारचौघांत करावा.

दोन माणसांच्या दुकानात यासाठी वेळ कोठला, असे कोणी विचारील. दुकान उघडल्यावर दहा मिनिटे पुरेशी आहेत. नवा माणूस शोधून त्यास शिकविण्यात महिने जातात. उपचारज्ञता व दक्षता शिकविता येतात, शुचितेची सवय लाविता येते. अनुराग मात्र पगाराने विकत मिळत नाही. आपल्याकडून काय हवे आहे हे जेथे माणसास ठाऊक असते आणि न्यायाने वागविले जाते, तेथेच तो उपजतो.