पिट्सबर्गचा सर्वकालीन संघ आणि एक रिकामी जागा

१/
दरवर्षी १३ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात, ओकलंड भागातल्या एका जुन्या विटांच्या भिंतीपाशी माणसे जमतात. सोबत घडीच्या खुर्च्या आणि जुन्या टोप्या असतात. १९६० सालच्या एका बेसबॉल सामन्याचे रेडिओ समालोचन पहिल्या चेंडूपासून लावले जाते. शेवट सर्वांना पाठ असतो, तरीही तो ऐकण्यासाठी सगळे थांबतात.

२/
ही भिंत फोर्ब्स फील्डची, म्हणजे १९०९ ते १९७० या काळात पिट्सबर्ग पायरेट्स संघाचे घर असलेल्या मैदानाची. १९६० च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना इथेच झाला. समोर बलाढ्य न्यूयॉर्क यँकीज, नववा डाव, ९–९ अशी बरोबरी. बिल मॅझरॉस्कीने चेंडू भिंतीपलीकडे धाडला आणि पायरेट्स १०–९ ने जिंकले. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना अशा अखेरच्या होमरनवर संपल्याचे दुसरे उदाहरण आजवर नाही.

३/
सामन्याच्या आठवणी निघाल्या की मागोमाग जुना वाद येतोच : पायरेट्सच्या सर्वकालीन संघात कोण कोण? हा वाद करमणुकीचा मानला जातो. वास्तविक अशी यादी म्हणजे एका शहराने स्वतःविषयी लिहिलेला छोटासा इतिहास असतो. कोणत्याही इतिहासाला विचारावा तोच प्रश्न तिलाही विचारायला हवा. यात कोण नाही, आणि का नाही?

४/
आरंभ बहुधा होनस वॅग्नरपासून होतो. जर्मन स्थलांतरितांच्या घरात १८७४ साली पिट्सबर्गजवळ जन्मलेला हा मुलगा शाळा सोडून कोळशाच्या खाणीत उतरला होता. १९०० ते १९१७ तो पायरेट्सकडून खेळला. फलंदाजीच्या सरासरीत त्याने आठ वेळा नॅशनल लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले. १९३६ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यांत तो बेब रूथच्या बरोबरीने होता. दोघांनाही २१५ मते पडली.

५/
दुसरे नाव रॉबर्टो क्लेमेंते. पोर्तो रिकोचा हा कृष्णवर्णीय खेळाडू १९५५ पासून अठरा हंगाम पायरेट्सकडून खेळला. क्षेत्ररक्षणासाठी १२ गोल्ड ग्लव्ह, फलंदाजीची चार विजेतेपदे आणि नेमके ३,००० हिट्स ही त्याची कमाई. शेवटचा हिट ३० सप्टेंबर १९७२ चा. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदतसामग्री घेऊन निघालेले त्याचे विमान समुद्रात कोसळले. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

६/
क्लेमेंतेचे नाव आज पिट्सबर्गमध्ये आदराने घेतले जाते. मात्र तो खेळत होता तेव्हा वृत्तपत्रे त्याला परस्पर ‘बॉब’ म्हणत आणि त्याचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे छापून वाचकांना हसवत. त्याच्या दुखण्यांना ढोंग म्हटले जाई. चाहत्यांच्या आजच्या आठवणींत ही बाजू फारशी येत नाही. स्मृती आपल्या नायकाला उजळवते, आणि त्यासोबत स्वतःचे जुने वागणेही धुऊन काढते.

७/
तिसरा विली स्टारजेल. त्याचे ४७५ होमरन, आणि १९७९ साली वयाच्या ३९ व्या वर्षी त्याने कप्तान म्हणून संघाला मिळवून दिलेला वर्ल्ड सिरीजचा विजय. चांगला खेळ करणाऱ्या सहकाऱ्यांना तो टोपीवर लावायला सोनेरी तारे देत असे. वॅग्नर, क्लेमेंते, स्टारजेल आणि मॅझरॉस्की या चौघांचे पुतळे आज पीएनसी पार्क या मैदानाबाहेर उभे आहेत. चाहत्यांची यादी जणू ब्राँझमध्ये ओतलेली आहे.

८/
आता यादीबाहेरच्या माणसाकडे वळू. जॉश गिब्सनचा जन्म १९११ साली जॉर्जियात झाला. वडील पोलाद कारखान्यात कामासाठी पिट्सबर्गला आले आणि मागोमाग कुटुंबही आले. जॉश तिथेच वाढला आणि कॅचर झाला, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू. त्याच्या फटक्यांचे किस्से इतके पसरले, की लोक त्याला ‘काळा बेब रूथ’ म्हणू लागले. या उपाधीत कौतुक होते, आणि मापाची पट्टी कोणाच्या हातात आहे याची कबुलीही.

९/
गिब्सन पायरेट्सकडून एकही सामना खेळला नाही, कारण त्याला खेळू दिले गेले नाही. मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना घ्यायचे नाही, असा लेखी नियम नव्हता. पण संघमालकांमधला अलिखित करार लेखी नियमाहून कडक होता. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर खेळला, त्यानंतर १९४७ पर्यंत हे दार बंद राहिले. त्या दाराबाहेर कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या लीग उभ्या केल्या. त्या काळाच्या भाषेत त्यांना निग्रो लीग म्हणत.

१०/
पिट्सबर्ग हे या दुसऱ्या बेसबॉलचे एक प्रमुख केंद्र होते. शेजारच्या पोलादनगरीतल्या कामगारांच्या खेळातून होमस्टेड ग्रेज हा संघ घडला, आणि कंबरलँड पोझीने तो नावारूपाला आणला. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत गस ग्रीनलीचा पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स होता. गिब्सन, सॅचेल पेज, ऑस्कर चार्ल्सटन, कूल पापा बेल आणि ज्यूडी जॉन्सन एके काळी क्रॉफर्ड्समध्ये एकत्र खेळले. पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

११/
पायरेट्स परगावी गेले, की ग्रेज संघ फोर्ब्स फील्ड भाड्याने घेऊन तिथे खेळत असे. म्हणजे ज्या मैदानाच्या भिंतीपाशी आज चाहते जमतात, त्याच मैदानात गिब्सनही फलंदाजीला उभा राहिला होता. त्याच्या पैशाला आणि घामाला त्या मैदानात प्रवेश होता, मात्र पायरेट्सच्या गणवेशात त्याला प्रवेश नव्हता.

१२/
‘तो काळच तसा होता’ हे उत्तर इथे पुरत नाही, कारण त्याच काळात त्याच शहरात विरोधी आवाजही होता. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ हे कृष्णवर्णीयांचे देशभर वाचले जाणारे वृत्तपत्र याच शहरातून निघे. त्याचा तरुण क्रीडापत्रकार वेंडेल स्मिथ याने १९३९ साली नॅशनल लीगच्या खेळाडूंना आणि व्यवस्थापकांना गाठून थेट विचारले : कृष्णवर्णीय खेळाडू तुम्हाला चालतील का? बहुतेकांनी हरकत नसल्याचे सांगितले. गोरे खेळाडू तयार नाहीत, या मालकांच्या सबबीतली हवा त्याने काढून घेतली. दार तरीही उघडले नाही.

१३/
२० जानेवारी १९४७ रोजी गिब्सन पिट्सबर्गमध्ये वारला. वय अवघे ३५. तीन महिनेही उलटले नव्हते, तोच १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. रॉबिन्सनचे नाव डॉजर्सच्या ब्रँच रिकीला सुचवणाऱ्यांत पिट्सबर्गचाच वेंडेल स्मिथ होता. गिब्सनच्या कबरीवर १९७५ पर्यंत नावाची शिळाही नव्हती. १९७२ सालीच तो हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला होता.

१४/
पायरेट्सने कर्ट रॉबर्ट्स या आपल्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन खेळाडूला मैदानात उतरवले ते १९५४ च्या एप्रिलमध्ये, रॉबिन्सननंतर तब्बल सात वर्षांनी. पुढच्याच वर्षी क्लेमेंते आला. १ सप्टेंबर १९७१ रोजी याच पायरेट्सने मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच पूर्णपणे कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी खेळाडूंची नऊ जणांची फळी उतरवली, आणि सामना जिंकला. त्याच मोसमात वर्ल्ड सिरीजही जिंकली. म्हणजे चाहत्यांच्या यादीतला सर्वांत तेजस्वी भाग हाच, आधीच्या वगळण्याने काय गमावले याचा पुरावा आहे.

१५/
मग गिब्सनच्या आठवणी मागे का पडल्या? स्मृतीला टेकायला जागा लागते. फोर्ब्स फील्ड पाडले गेले, तरी भिंतीचा तुकडा राहिला आणि त्याचा होम प्लेट विद्यापीठाच्या इमारतीत काचेखाली जपला गेला. ग्रीनलीने १९३२ साली उभारलेले ग्रीनली फील्ड मात्र १९३८ मध्ये पाडून तिथे घरे बांधली गेली. पुढे १९५० च्या दशकात शहर सुधारण्याच्या नावाखाली हिल डिस्ट्रिक्टचा खालचा भागच उठवण्यात आला आणि सुमारे ८,००० रहिवासी विस्थापित झाले. आठवणी सांगणारी माणसेच पांगली, तर खुर्च्या कुठे मांडायच्या?

१६/
उरलेले काम साहित्याने केले. ऑगस्ट विल्सन हा नाटककार याच हिल डिस्ट्रिक्टचा. त्याच्या ‘फेन्सेस’ नाटकाचा नायक ट्रॉय मॅक्सन निग्रो लीगमध्ये खेळलेला आहे आणि १९५७ साली पिट्सबर्गमध्ये कचरा उचलण्याची नोकरी करतो आहे. दार उघडले तेव्हा त्याचे वय निघून गेले होते. ती कटुता तो आपल्या मुलावर लादतो. वगळलेपणाची किंमत एका पिढीत फिटत नाही, हे या नाटकातून जितके कळते तितके आकड्यांतून कळत नाही.

१७/
आकडे उशिरा आले, पण आले. १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा देत असल्याचे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत मिसळली गेली. टाय कॉबची कारकिर्दीतली .३६७ ही सर्वोच्च सरासरी मागे पडली आणि पहिल्या क्रमांकावर .३७२ सह जॉश गिब्सन आला. सोप्या भाषेत, मोजल्या जाणाऱ्या दर हजार संधींत ३७२ यशस्वी फटके.

१८/
यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. गिब्सनच्या नोंदलेल्या संधी दोन हजारांच्या थोड्या वर आहेत, कॉबच्या अकरा हजारांहून अधिक. पायरेट्स वर्षाला १५४ सामने खेळत, तर निग्रो लीगचे अधिकृत सामने त्याच्या निम्म्याच्या आसपास. उरलेले दिवस गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत जात, आणि ते मोजले जात नाहीत. तेव्हा ही तुलना समान पायावर नाही, हे म्हणणे खरेच आहे.

१९/
पण पाया असमान झाला कोणामुळे? शिवाय अपुरेपणा दोन्ही वह्यांत आहे. वॅग्नरला आणि कॉबला लीगच्या सामन्यांत एकाही कृष्णवर्णीय गोलंदाजाला सामोरे जावे लागले नाही. देशातल्या उत्तम खेळाडूंचा एक मोठा गट वगळूनच त्यांच्या सरासऱ्या तयार झाल्या. तरीही त्यांच्या आकड्यांपुढे कोणी तारांकन लावत नाही. शंका घ्यायची, तर ती दोन्हीकडे सारखीच घ्यावी.

२०/
खुद्द पायरेट्सने काय केले? २००६ साली पीएनसी पार्कमध्ये गिब्सन, पेज आदी निग्रो लीगच्या खेळाडूंचे सात पुतळे उभारले गेले. २०१५ मध्ये ते हलवण्यात आले. ब्राँझच्या चौघांना जागा कायमची मिळाली, या सातांना नऊ वर्षांची. पुढे २०२२ मध्ये संघाने स्वतःचे हॉल ऑफ फेम सुरू केले, तेव्हा पहिल्याच यादीत गिब्सन, चार्ल्सटन, बक लेनर्ड आणि रे ब्राऊन यांचा समावेश केला.

२१/
हा सन्मान स्वागतार्ह आहे, पण त्यात एक सूक्ष्म धोकाही आहे. पन्नास वर्षांनी एखादा मुलगा ती नावे वाचेल आणि गिब्सन पायरेट्सचा खेळाडू होता असे समजेल. ज्या संस्थेने त्याला नाकारले, तिच्याच वैभवात त्याची भर पडेल. वगळणे हा पहिला अन्याय. वगळले होते हेच विसरायला लावणारा समावेश दुसऱ्या अन्यायाकडे नेऊ शकतो.

२२/
मग सर्वकालीन संघ लिहायचा कसा? गिब्सनला निमूटपणे वगळणे चूक आहे, आणि निमूटपणे आत घेणेही पुरेसे नाही. प्रामाणिक यादीत कॅचरच्या जागी त्याचे नाव असावे आणि पुढे एक ओळ असावी : होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा खेळाडू, याच शहरात राहिला, याच मैदानात खेळला, पायरेट्सने घेतले नाही. एवढी ओळ लिहिल्याने वॅग्नरचा एकही हिट कमी होत नाही, आणि मॅझरॉस्कीचा चेंडू अलीकडे पडत नाही.

२३/
आवडत्या संघावर प्रेम करणे आणि त्याचा इतिहास पूर्ण वाचणे यांत विरोध नाही. त्या भिंतीपाशी जमणाऱ्यांचे प्रेम खरे आहे. साठ वर्षांहून जुना सामना पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या माणसांना स्मृतीचे मोल कोणी शिकवायला नको. फक्त त्यांच्या रेडिओवर गिब्सनचा सामना कधीच लागणार नाही. म्हणून समालोचन संपले, टाळ्या विरल्या आणि वाद सुरू झाला, की कोणीतरी त्याचे नाव मोठ्याने उच्चारायला हवे.