पहिला बळी हॅरोचा नव्हे

संपादक महाशय,

गेल्या अंकातील चौकटीत ब्रिटनमधला मोटारीचा पहिला बळी आमच्या हॅरोत गेल्याचे छापले आहे. ते चूक आहे. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पायी चाललेली बाई मोटारीखाली सापडून गेली. हॅरोच्या ग्रोव्ह हिलवर २५ फेब्रुवारी १८९९ रोजी दगावला तो मोटार हाकणारा, एडविन सेवेल. उतारावर मागचे चाक मोडले, तो जागीच ठार झाला; सोबतचे मेजर रिचर काही दिवसांनी गेले. तिथल्या पाटीवरही ‘चालकाचा मृत्यू’ असाच स्पष्ट उल्लेख आहे. ‘चालक’ गाळला की बिचाऱ्या ब्रिजेटबाई इतिहासातून पुसल्या जातात. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक, हॅरो