दिवाळीच्या सुटीत घरचीच नई तालीम

आष्टी तालुक्यातल्या पालकांनो, दिवाळीची सुटी लागते तेव्हा घराघरांत नवा कापूस येऊ लागलेला असतो. यंदा त्यातला पन्नास ग्रॅम कापूस मुलांच्या हाती द्या. हातानेच सरकी वेगळी करू द्या. मग किराणा दुकानातल्या काट्यावर रुई आणि सरकी निरनिराळी तोला. रुई साधारण तिसरा हिस्सा भरेल. आता विचारा, क्विंटलभर कापसातून रुई किती निघेल? आपण विकतो तो भाव कशाचा, कापसाचा की रुईचा? सरकीचं पुढे काय होतं? शेकडेवारी, व्यवहार आणि थोडं विज्ञान एकाच बैठकीत होऊन जाईल.

कामातून शिकवण्याची ही रीत म्हणजेच नई तालीम, आणि ती आपल्याच वर्धा जिल्ह्यातली आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला: सात वर्षं मोफत व सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगाच्या आधाराने. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने अशी शाळा उभी केली. आजही तिथलं आनंद निकेतन विद्यालय याच वाटेने चालतं.

पण एक गैरसमज नको. मुलाला दिवसभर कापूस वेचायला लावणं म्हणजे नई तालीम नव्हे, ती मजुरी झाली. कामासोबत मोजणं, लिहिणं आणि ‘असं का?’ हे विचारणं आलं, तरच ते शिक्षण. म्हणून रोज तासभर पुरे. फवारणी झालेल्या शेतात मात्र मुलांना नेऊ नका. आणि शाळा सोडवायची नाही, हे शाळेच्या जोडीला करायचं आहे.

दुसरा उपक्रम इतिहासाचा. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, माणसं शहीद झाली. मुलांना घेऊन शहीद स्मारकाला जा. तिथली नावं त्यांना वहीत उतरवू द्या. मग घरातल्या आजी-आजोबांना विचारू द्या, तुम्ही तुमच्या आईवडिलांकडून त्या दिवसाबद्दल काय ऐकलं? दोन घरची उत्तरं जुळली नाहीत, तर का जुळली नाहीत, हाही अभ्यासच.

तिसरा पावसाळ्यासाठी राखून ठेवा. सरळ कडांचा डबा अंगणात उघड्यावर ठेवा आणि पडलेलं पाणी रोज सकाळी पट्टीने मोजा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. टिनाचं छप्पर चाळीस चौरस मीटरचं असेल, तर दहा मिलिमीटर पावसात त्यावर चारशे लिटर पाणी पडतं. हे गणित मूल एकदा स्वतः सोडवेल, तेव्हा पन्हाळीखाली टाकी लावायचा हट्ट तेच धरेल.

घरी फार शिकलेलं कुणी नाही, म्हणून मागे सरू नका. कापूस, पाणी, बाजार यांतलं तुम्हाला कळतं, लिहिणं-मोजणं मुलाला येतं. उत्तर सांगायची घाई तेवढी करू नका. चुकलं तर पुन्हा तोलू द्या. आठवड्याच्या शेवटी वही उघडून मुलाने स्वतःहून किती प्रश्न लिहिले ते बघा. प्रश्न वाढलेले दिसले, तर सुटी संपल्यावरही रविवारचा एक तास यासाठी राखा.