लाजेला बळी किती द्यावयाचे?

सोनोग्राफी हे बायकांचे यंत्र, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की, उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कोणाही तरुणाला त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसावयाचे म्हटले तरी अवघडल्यासारखे होते. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. तेव्हापासून या यंत्राची चर्चा झाली ती गर्भाच्याच संदर्भात. आणि ती आवश्यकही होती. परंतु तेच यंत्र पुरुषाच्या वृषणातील कर्करोगाची गाठ काही मिनिटांत दाखविते, हे कोणी सांगावयाचे?

हा रोग विरळा खरा. पण तो गाठतो मुख्यतः पंधरा ते चाळीस या ऐन कर्त्या वयात. गाठ बहुधा दुखत नाही, आणि हाच तिचा कावा. न दुखणाऱ्या गाठीसाठी सकाळची लोकल आणि दिवसाचा पगार कोण बुडवील? शिवाय बोलावयाचे कोणापाशी? वडिलांना सांगवत नाही, पत्नीला सांगण्याचे धैर्य होत नाही. मग कोणी तरी ‘पाणी भरले असेल’ म्हणतो आणि सुईने ते काढूनही टाकतो. त्या पाण्याआड गाठ दडलेली असली, तर ती सुईच रोग पसरविण्यास कारण होऊ शकते. पाणी कोणते, गाठ कोणती, गाठ वृषणाच्या आत की बाहेर, हे ध्वनिलहरी सांगतात. त्यात किरणोत्सर्ग नाही, वेदना नाही. पुढे रक्ततपासणी, आणि शस्त्रक्रिया करावयाची ती जांघेतून, अंडकोशाला छेद देऊन नव्हे. सिस्प्लॅटिन हे औषध १९७०च्या दशकात हाती आल्यापासून पसरलेला रोगही बहुधा आटोक्यात येतो. वेळेवर सापडलेला तर जवळजवळ नेहमीच बरा होतो. उरलेले एक वृषण पुरुषत्वाला पुरे पडते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. खरी भीती तेथेच असते.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. परंतु तेथवर पोहोचण्याआधी गावातच कोणी तरी तपासावयास हवे. उल्हासनगर महानगरपालिकेने आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी आठवड्यातील एक संध्याकाळ, चाकरमाने परतल्यानंतरची, केवळ पुरुषांच्या सोनोग्राफीसाठी राखावी, असे आम्ही सुचवितो. अंबरनाथच्या कारखान्यांतील डॉक्टरांनी आरोग्यतपासणीत हा एक प्रश्न संकोच न करता विचारावा. आणि ज्या मुलाचे वृषण जन्मतः पोटातच अडकून राहिले होते, त्याच्या आईवडिलांनी ती गोष्ट मोठेपणी त्याच्यापासून लपवू नये. त्याला हा धोका इतरांहून अधिक असतो.