हीटर खोलीच्या बाहेर

कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेचं कॅबिनेट, रंगीत दिवे, चमकणाऱ्या नळ्या आणि भलंमोठं बिल येतं. माझं मत जरा वेगळं आहे. आपल्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, बोलताना अजूनही नगरच) ज्याला भर उन्हाळ्यात दिवसभर मशीन राबवावी लागते, त्याने दुकानात जायच्या आधी एकदा भंगारवाल्याकडे जावं, जुन्या मोटारीचा हीटर कोअर शोधावा, आणि तो खोलीच्या बाहेर टांगावा. माझा सगळा जोर त्या 'बाहेर'वर आहे.

तर मंडळी, आधी हा हीटर कोअर काय प्रकार आहे ते. मोटारीच्या डॅशबोर्डमागे शाळेच्या पाटीएवढा एक छोटा रेडिएटर दडवलेला असतो. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं, ब्लोअर त्यावर हवा मारतो आणि ती गरम हवा गाडीत येते. काश्मीरला उपयोगाची गोष्ट. आपल्याकडे ते बटण वर्षानुवर्षं कोणी फिरवत नाही. अपवाद फक्त जुन्या ड्रायव्हरांचा! भर दुपारी करंजी घाट चढताना काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागला की ते काचा खाली करतात आणि हीटर फुल्ल सोडतात. आत बसलेल्यांचं भरीत होतं, पण इंजिनला जादाचा रेडिएटर मिळतो. म्हणजे आपण ज्याला हीटर म्हणतो तो रेडिएटरच, फक्त त्याचं तोंड आपल्याकडे केलेलं.

तो कॉम्प्युटरला जोडायची युक्ती काही माझी नाही. २००० सालच्या आगेमागे, कॉम्प्युटरसाठी तयार रेडिएटर सहज मिळत नसत तेव्हा अमेरिकेतल्या हौशी लोकांनी भंगारातले हीटर कोअर उचलले. १९७७ च्या पॉन्टियॅक बॉनव्हिलचा कोअर तर त्या मंडळींत भलताच नावाजलेला होता. त्यांना प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा होता. ती हौस आता बरीच ओसरली, कारण हल्लीचे प्रोसेसर स्वतःच आपल्या मर्यादेपर्यंत पळतात. तयार रेडिएटरही मिळायला लागले. त्यामुळे हीटर कोअर विस्मरणात गेला. माझ्या मते त्याचं खरं काम आपल्याकडे अजून सुरूच झालेलं नाही.

थोडं गणित करू, कंटाळू नका. पाणी थंड करतं, हा पहिला गैरसमज. पाणी फक्त हमाल आहे. नगरच्या कारखान्यात बनलेली कायनेटिकची लुना आठवा. तिच्या इंजिनच्या फिन्सवरून वारा गेला की काम झालं, पाणीबिणी काही नाही. प्रोसेसरवरचा साधा हीटसिंक म्हणजे ती लुना. पाणी खेळवलं की त्याची मोटार होते, पण शेवटी दोन्हीकडे उष्णता उचलते ती हवाच. प्रोसेसर अडीचशे वॅट ओकतोय (२०२२ नंतरचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर पूर्ण भारावर तिथपर्यंत जातात) आणि मिनिटाला चार लिटर पाणी फिरतंय असं धरा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात फरक पडतो एका अंशाहूनही कमी! त्यामुळे 'पाणी हळू फिरवा, म्हणजे त्याला रेडिएटरमध्ये निवायला वेळ मिळेल' असा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या.

हवेचं गणित मात्र कडक आहे. तेच अडीचशे वॅट हवेला पाच अंशांनी तापवून काढून टाकायचे तर नगरच्या उंचीवर (समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर, हवा थोडी विरळ) मिनिटाला जवळपास तीन घनमीटर हवा लागते. कोअरच्या दाट फिन्समधून एवढी हवा ढकलणं १२० मिलिमीटरच्या एका पंख्याला जमत नाही, दोन-तीन लावावे लागतात.

आणि कोअरची ताकद? मोटारीत पाणी ९० अंश आणि हवा १० अंश असताना तो चार किलोवॅट देतो असं धरू. म्हणजे ८० अंशांच्या फरकावर चार किलोवॅट, तर आपल्याला चालेल अशा १० अंशांच्या फरकावर ५०० वॅट. कॉम्प्युटरचे पंखे मोटारीच्या ब्लोअरपुढे दुबळे, म्हणून निम्मं कापा. अडीचशे उरतात. प्रोसेसरपुरतं बरोबर जमलं! ग्राफिक्स कार्डही त्याच पाण्यावर आणायचं असेल तर मोठा कोअर बघा.

आता नगरचा मे महिना. बाहेर ४० अंश असतील तर पाणी ४० च्या खाली जाणार नाही, ५० च्या आसपास राहील. प्रोसेसर ९५-१०० अंशांपर्यंत तग धरतो, त्यामुळे त्याला काही होत नाही. पण मग खोलीतल्या खोलीत पाणी फिरवून मिळवलं काय? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. चांगला हवेवरचा कूलरही तेवढंच काम करतो.

खरी अडचण खोलीची आहे. लग्नाचं व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्यांची दुकानं बघा. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई आणि ऊनही तेव्हाच. दहा बाय दहाची खोली, वर तापलेला स्लॅब, एसी नाही, टेबलाखाली रेंडरिंगला लावलेली मशीन. शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता सोडतो. म्हणजे एकटा प्रोसेसर अडीच माणसं जास्तीची येऊन बसल्यासारखा. पंखे कितीही लावा, ती उष्णता खोलीतच पडते आणि तीच तापलेली हवा पुन्हा मशीनच्या तोंडी जाते. मग प्रोसेसर आपला वेग उतरवतो, शनिवारी द्यायचा पेनड्राइव्ह रविवारी संध्याकाळी तयार होतो, आणि तोवर वधूपिता दारात! मशीनपुढे बारा तास बसणाऱ्या माणसाचं काय होतं, ते तर कुठल्याच आलेखात दिसत नाही. धंदा एसीचा खर्च सोसत नाही, आणि एसी असला तरी तो हे अडीचशे वॅट उपसायला वरून पाऊणशे-शंभर वॅट खातोच.

हवा नळीतून लांब नेता येत नाही, पाणी येतं. खिडकीच्या चौकटीला दोन भोकं, दोन नळ्या, बाहेर कोअर आणि पंखे. प्रोसेसरची उष्णता थेट गल्लीत. दुकानातले तयार बंद संच इथे कामाचे नाहीत, त्यांच्या नळ्या हातभर असतात. आणि हे काही खुळ्यांचं काम नव्हे. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली आलेला परम ब्रह्म महासंगणक द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेऊनच थंड करायची रचना केली होती. इतक्या लांब कशाला, आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या साखर कारखान्यात फवारे उडणारं तळं असतं, ते काय करतं? आतल्या कंडेन्सरची उष्णता पाण्यातून बाहेर आणून वाऱ्यावर सोडतं.

करायचं असेल तर धातू आधी बघा. जुना तांब्या-पितळेचा कोअरच घ्या. खिळ्याने जरा खरवडा, लालसर-पिवळा दिसला तर ठीक. पांढरा दिसला तर ॲल्युमिनियम, परत ठेवा. प्रोसेसरवरचा ब्लॉक तांब्याचा असतो आणि एकाच पाण्यात तांबं नि ॲल्युमिनियम आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमच असतं, म्हणून शोध जुन्या गाडीचा. आणलेला कोअर गरम पाण्याने आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या सौम्य पाण्याने मळ निघेपर्यंत धुवा. ते पाणी झाडांना घालू नका, जुन्या झाळकामात शिसं असतं. मग एक तोंड बंद करून दुसऱ्यातून सायकलच्या पंपाने हलकेच हवा भरा आणि बादलीत बुडवा, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा. बुडबुडे आले तर रेडिएटर दुरुस्तीवाला झाळून देतो. आपल्या नळीच्या मापाची तोंडंही त्याच्याकडूनच बसवून घ्या, कोअरची मूळ तोंडं जाड असतात. पंखे थेट फिन्सना चिकटवू नका, मध्ये चार बोटं खोलीचा पत्र्याचा डबा ठेवा, नाहीतर पंख्याच्या मधल्या गोळ्यासमोरचा भाग कोराच राहतो.

पाणी बोअरचं नको म्हणजे नको. आपल्याकडच्या बोअरचा क्षार गिझरच्या कॉइलवर जमतो, तो ब्लॉकच्या केसाएवढ्या फटींत काय करेल! इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं गाडीचं कूलंट, बस. पंप बारा व्होल्टचा, मशीनच्याच सप्लायवर चालणारा. कूलरचा २३० व्होल्टचा पंप स्वस्त पडतो, पण कॉम्प्युटरच्या पाण्यात मेन्सची वायर मला तरी नको.

'बाहेर धूळ बसेल' हा आक्षेप खरा आहे. दर पंधरवड्याला मऊ ब्रश मारावा लागेल. पण ती धूळ आजवर मशीनच्या पोटात बसत होती, तिथून काढणं जास्त कटकटीचं. पश्चिमेची खिडकी टाळा, दुपारच्या उन्हात काळा कोअर टांगला तर तो उलटं काम करील. उत्तरेची उत्तम. आणि नळ्या वीतभर लांबच ठेवा, डिसेंबरात नगरला पहाटे चांगलंच गारठतं, तेव्हा कोअर खिडकीतून काढून टेबलाखाली पायाशी ठेवता येतो.